नव्या फोनाचा विचार आणि घरची वही

भाद्रपदात दशलक्षण पर्व येते. नवव्या दिवशी उत्तम आकिंचन्यावर प्रवचन होते, श्रावक-श्राविका मनापासून ऐकतात. पुढे पितृपंधरवडा सरतो न सरतो तोच, घटस्थापनेच्या सुमारास वर्तमानपत्राचे पहिले पान नव्या मोबाइल फोनांच्या जाहिरातींनी भरून जाते. दसरा आणि दिवाळी यांमधील हे वीस दिवस व्यापारी कुटुंबाच्या दृष्टीने कमाईचे असतात, तसेच खर्चाच्या मोहाचेही असतात. ज्या घरात दिवसभर दुसऱ्याला माल विकण्याचे कौशल्य वापरले जाते, त्याच घराला रात्री कोणीतरी माल विकत असतो.

कळंब्यातील एका भुसार व किराणा व्यापाऱ्याच्या घरी गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या दसऱ्याआधी, हाच प्रश्न उभा राहिला. घर तीन पिढ्यांचे. पंच्याहत्तरीला आलेले अण्णा, दुकान सांभाळणारे त्यांचे चिरंजीव, दुकानाचा हिशेब पाहणाऱ्या सूनबाई आणि अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला असलेला नातू. माणसे चार, फोनही चार. शिवाय कपाटाच्या खणात बंद पडलेले तीन आणि वायरींचा एक गुंता.

निमित्त घडले ते एका शनिवारी सकाळी. दुकानात गर्दी, दारात लक्ष्मीपुरीतून माल घेऊन आलेला टेम्पो उभा, भाडे द्यायचे होते, आणि नेमका त्याच वेळी दुकानाचा फोन विझला. तो फोन २०२० च्या दिवाळीत घेतलेला. गेले वर्षभर त्याची बॅटरी दुपारपर्यंतच पुरत असे, म्हणून तो गल्ल्याजवळ कायम वायरीला लावलेला असे. त्या दिवशी वायर लावूनही तो उठला नाही. टेम्पोवाल्याचे पैसे अण्णांनी गल्ल्यातून रोख दिले. मात्र चिरंजिवांच्या कपाळावर घाम आला तो वेगळ्याच कारणाने. चाळीसेक घरांची उधारी, सुमारे १,८६,००० रुपये, केवळ त्या फोनात होती. तीन वर्षांपूर्वी खतावणी बंद करून सारे नाव-जमा फोनात घेतले होते, आणि त्याची दुसरी प्रत कोठेही नव्हती.

दोन तासांनी दुरुस्ती करणाऱ्याने फोन कसाबसा सुरू करून दिला. उधारी वाचली. सूनबाईंनी दुपारचे जेवण बाजूला ठेवून प्रथम ती सारी कागदावर उतरवून घेतली. रात्री घरात बैठक बसली आणि नातवाने आपला कौल दिला, “अण्णा, आता नवा घेतल्याशिवाय गत्यंतर नाही. सणाची सवलत आहे, हप्ते बिनव्याजी आहेत. बाबांना नवा आणि मलाही. माझाही तीन वर्षांचा झाला.” त्याने दाखविलेल्या प्रत्येक फोनाची किंमत साठ हजार होती.

अण्णांनी नकार दिला नाही. ते इतकेच म्हणाले, “घ्यायचा की नाही ते शेवटी ठरवू. आधी प्रत्येक फोनाचा दोष कोणता ते लिही. मग त्या दोषावर दुरुस्ती आहे का ते लिही. आणि नवा घेतल्याने तो दोष खरोखर जाणार आहे का, तेही लिही.” नातवाने वहीच्या पानावर रकाने आखले. पुढील चार दिवस ते पान भरत गेले.

दोष कोणता?

दुकानाच्या फोनाचे दोन दोष सर्वांना माहीत होते, बॅटरी आणि अपुरी जागा. तिसरा दोष नातवाला शोधताना सापडला आणि तोच सर्वांत गंभीर होता. त्या फोनाला कंपनीकडून मिळणारी सुरक्षेची अद्यतने २०२३ सालीच थांबली होती. दुकानाचे चालू खाते, यूपीआय, जीएसटीचे लॉग-इन, बँकेचे ओटीपी हे सारे ज्या यंत्रावर चालते, त्याचे कुलूप दोन वर्षे कोणी तपासलेले नव्हते. फोनाचे प्रणालीसूत्र सदोष आढळले की कंपनी दुरुस्ती पाठवते. ती येणे थांबले म्हणजे फोन बंद पडत नाही, पण नव्याने उघडकीस आलेली प्रत्येक फट त्यात तशीच राहते. व्यापाऱ्याला हे तिजोरीच्या भाषेत लगेच कळते. तिजोरी दिसायला भक्कम असून भागत नाही, तिची किल्ली किती जणांकडे आहे हे महत्त्वाचे असते.

नातवाच्या स्वतःच्या फोनाला मात्र अद्यतने अजून मिळत होती. त्याचा दोष केवळ बॅटरीचा. लिथियम-आयन बॅटरी ही झिजणारी वस्तू आहे. पूर्ण भरणे आणि पूर्ण रिकामे होणे असे एक आवर्तन धरले, तर आवर्तने वाढतील तशी तिची धारणशक्ती घटते. ॲपल कंपनी आपल्या आयफोन १४ पर्यंतच्या फोनांसाठी ५०० आवर्तनांनंतर मूळ क्षमतेच्या ८० टक्के आणि आयफोन १५ पासून १,००० आवर्तनांनंतर ८० टक्के असा हिशेब सांगते. म्हणजे रोज एकदा फोन भरणाऱ्याची बॅटरी दीड ते तीन वर्षांत थकली, तर त्यात नवल नाही. गाडीचे टायर झिजले म्हणून कोणी गाडी विकत नाही. नातवाच्या फोनाची बॅटरी अधिकृत सेवाकेंद्रात बदलून मिळत होती, खर्च २,२०० रुपये.

अण्णांचा फोन प्रवचने ऐकण्यासाठी आणि बेळगावच्या लेकीशी बोलण्यासाठी. दोष एकच, अक्षरे लहान. ती सेटिंगमध्ये मोठी केली आणि प्रश्न मिटला. सूनबाईंच्या फोनात जागा भरली होती. पाहिले तर त्यातील निम्म्याहून अधिक जागा व्हॉट्सॲपवरील शुभप्रभातीच्या चित्रांनी आणि एकच चित्रफीत पाच गटांतून पाच वेळा उतरल्याने व्यापली होती. तासाभरात फोन मोकळा झाला.

चार फोनांपैकी बदलण्यास योग्य असा एकच निघाला. आणि उधारीचा प्रश्न? तो फोनाचा दोष नव्हताच. हिशेबाची दुसरी प्रत नसणे हा वहिवाटीचा दोष होता. साठ हजारांचा फोन घेतला असता, तरी तो दोष जसाच्या तसा नव्या फोनात जाऊन बसला असता.

तुलना कशाची करावी?

दुकानाचा फोन बदलायचे ठरल्यावर कोणता घ्यावा हा प्रश्न आला. जाहिरातीतील आकडे बहुधा डोळे दिपविण्यासाठी असतात. कॅमेरा १०८ किंवा २०० मेगापिक्सेलचा म्हणतात, परंतु असे फोन पुष्कळ वेळा अनेक बिंदू एकत्र करून सुमारे १२ मेगापिक्सेलचेच चित्र साठवतात. पावतीचा फोटो आणि मालाचा नमुना पाठविण्यास तेवढे पुरेसे असते. पडदा सेकंदाला १२० वेळा ताजा होतो हे खेळ खेळणाऱ्यास उपयोगी, उधारी लिहिणाऱ्यास नव्हे.

दुकानदाराने पाहावयाच्या गोष्टी निराळ्या. पहिली, सुरक्षेची अद्यतने किती वर्षे मिळणार. याबाबत अलीकडे मोठा बदल झाला आहे. गूगलने ऑक्टोबर २०२३ मध्ये पिक्सेल ८ साठी आणि सॅमसंगने जानेवारी २०२४ मध्ये गॅलक्सी एस २४ साठी सात वर्षांचे वचन दिले. त्यानंतर मध्यम किमतीच्या काही फोनांनाही सहा वर्षांची हमी मिळू लागली. मात्र ही वर्षे फोन बाजारात आल्यापासून मोजली जातात, आपण विकत घेतल्यापासून नव्हे. दोन वर्षांपूर्वीचे मॉडेल स्वस्तात घेणाऱ्याने तेवढी वर्षे वजा करावीत. दुसरी गोष्ट, गावात अधिकृत सेवाकेंद्र आहे का आणि बॅटरी-पडद्याचे दर काय. तिसरी, साठवण. आज १२८ जीबी कामापुरती, २५६ निर्धास्त. चौथी, फोनाला ५जी आहे का. ही सेवा देशात १ ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली, त्यामुळे पाच-सहा वर्षे वापरायच्या फोनात ती असावी. युरोपीय संघाने तर २० जून २०२५ पासून तेथे विकल्या जाणाऱ्या फोनांना नियमच केला, की बॅटरीने ८०० आवर्तनांनंतर किमान ८० टक्के क्षमता राखावी आणि सुटे भाग विक्री थांबल्यावरही सात वर्षे मिळावेत. टिकाऊपणा हा मागण्याजोगा गुण आहे, हे आता सरकारेही मान्य करू लागली आहेत.

या कसोट्यांवर नातवाच्या यादीतील साठ हजारांचा फोन आणि चोवीस हजारांचा फोन दुकानाच्या कामापुरते सारखेच उतरले.

बिनव्याजी हप्त्याचे व्याज

आता हप्त्यांकडे वळू. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावले होते, की शून्य टक्के व्याज अशी गोष्टच नसते, व्याज कोठेतरी दडलेले असते. ते कोठे दडते, हे एका उदाहरणाने पाहावे.

साठ हजारांचा फोन, पाच हजारांचे बारा हप्ते. बेरीज साठ हजार, म्हणून व्याज शून्य, असे भासते. प्रत्यक्षात कार्ड देणारी बँक द.सा.द.शे. १५ टक्के आकारते असे धरू. मग पाच हजारांच्या बारा हप्त्यांचे आजचे मूल्य ५५,३९६ रुपये येते. उरलेले ४,६०४ रुपये हे व्याज. विक्रेता तेवढीच सूट देतो म्हणून ते दिसत नाही. पण त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ८२९ रुपये, ग्राहकाच्या माथी येतो. प्रक्रिया शुल्क १९९ रुपये धरले, तर करासह ते २३५ होते. ‘बिनव्याजी’ व्यवहारात साठ हजारांवर १,०६४ रुपये अधिक गेले. जो रोखीने घेतो, त्याने विक्रेत्याकडे ते ४,६०४ रुपये सवलत म्हणून मागून पाहावेत. मिळाले, तर हप्तेवाल्याने ५५,३९६ रुपयांच्या वस्तूसाठी ५,६६८ रुपये जास्त मोजले असे ठरते.

दुसरा हिशेब वर्षाच्या खर्चाचा. साठ हजारांचा फोन दोन वर्षांनी वीस हजारांना विकला, तर वर्षाचा खर्च वीस हजार. चोवीस हजारांचा फोन पाच वर्षे वापरला, मध्ये अडीच हजारांची बॅटरी घातली आणि शेवटी दोन हजारांना दिला, तर वर्षाला ४,९०० रुपये. दोन किमतींमधील ३६,००० रुपये दुकानात राहिले, वर्षातून सहा वेळा मालात फिरले आणि प्रत्येक फेरीत निव्वळ तीन टक्के सुटले, तर ६,४८० रुपये होतात. म्हणजे स्वस्त फोनाचा वर्षाचा खर्च भागून वर दीड हजार उरतात. भांडवल फिरते ठेवणे हा ज्याचा कुलधर्म, त्याला हे वेगळे सांगावे लागू नये.

कराविषयीही स्पष्टता हवी. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे अनेक दर उतरले. वातानुकूलन यंत्रे आणि मोठे टीव्ही २८ वरून १८ टक्क्यांवर आले. त्यामुळे फोनही स्वस्त झाले असा समज पसरला. परंतु मोबाइलवर १ एप्रिल २०२० पासून १८ टक्केच कर आहे आणि तो तसाच राहिला. दुकानाच्या वापरासाठी फोन घेताना बिल दुकानाच्या नावे आणि जीएसटी क्रमांकासह घ्यावे. नियमित नोंदणी असलेल्याला त्या कराचा परतावा आपल्या देय करातून वळता करता येतो. चोवीस हजारांत हा कर ३,६६१ रुपये आहे. कंपोझिशन योजनेतील दुकानदाराला ही सोय नाही. परतावा घेतला तर त्या रकमेवर घसारा मिळत नाही. आयकरात फोन संगणकाच्या ४० टक्क्यांत बसत नाही, सर्वसाधारण यंत्रसामग्रीच्या १५ टक्क्यांत बसतो. शिवाय दिवाळीच्या सुमारास घेतलेली वस्तू त्या वर्षी १८० दिवसांपेक्षा कमी वापरात येते, म्हणून पहिल्या वर्षी निम्माच घसारा. “करात सुटते” म्हणून महाग घेण्यात फारसा अर्थ नाही. करात सुटतो तो खर्चाचा एक भाग, उरलेला भाग खिशातूनच जातो.

भोग आणि उपभोग

हिशेब संपला तरी नातवाचा चेहरा उतरलेलाच होता. त्याच्या वर्गात दोघा-तिघांनी नवे फोन घेतले होते. आपला फोन बाकावर पालथा ठेवण्याची त्याला सवय लागली होती. हे त्याने आईला सांगितले आणि तिने ते अण्णांच्या कानावर घातले. अण्णांनी प्रवचन दिले नाही. त्यांनी जुन्या तागडीची गोष्ट सांगितली. दुकानातील पितळी तागडी त्यांच्या वडिलांची. ती त्यांनी चाळीस वर्षे वापरली आणि मग एके दिवशी बदलून काट्याचे यंत्र आणले. “तागडी जुनी झाली म्हणून नाही बदलली. समोरच्या गिऱ्हाइकाला वजन डोळ्यांनी दिसावं म्हणून बदलली. वस्तू बदलायला कारण लागतं, बाळ. वय हे कारण नव्हे आणि शेजाऱ्याची वस्तू तर मुळीच नव्हे.”

आपल्या आचार्यांनी हा भेद फार पूर्वी केला आहे. समंतभद्राचार्यांनी रत्नकरंड श्रावकाचारात भोगोपभोग-परिमाण व्रत सांगताना भोग आणि उपभोग वेगळे केले. एकदा वापरली की संपते ती वस्तू भोगाची, जसे अन्न. पुन्हा पुन्हा वापरता येते ती उपभोगाची, जसे वस्त्र. या कसोटीने फोन ही उपभोगाची वस्तू आहे. बाजाराची सारी खटपट तिला भोगाची वस्तू करण्याची आहे, वर्षभर चाखावी आणि टाकून द्यावी अशी. उपभोगाची वस्तू भोगासारखी वापरणे म्हणजे परिमाण मोडणे.

तत्त्वार्थसूत्रकार उमास्वामींनी परिग्रहाचे मूळ वस्तूत नव्हे, तर मूर्च्छेत, म्हणजे आसक्तीत सांगितले. म्हणून साधा फोन बाळगणाराही परिग्रही असू शकतो आणि धंद्यासाठी योग्य फोन घेणारा दोषी ठरत नाही. पण हिंसेचा प्रश्न उरतोच. फोनाच्या बॅटरीतील कोबाल्टचा निम्म्याहून अधिक पुरवठा जगाला एकट्या काँगोमधून होतो. तेथे हाताने खोदल्या जाणाऱ्या खाणींत मुले राबतात. फोनाच्या आयुष्यातील प्रदूषणाचा मोठा वाटा तो तयार होतानाच घडून गेलेला असतो, वापरताना नव्हे. पृथ्वीकायिक जीवांची विराधना मानणाऱ्या आणि पंधरा कर्मादानांत भूमी खोदण्याच्या स्फोटकर्माला स्थान देणाऱ्या परंपरेला हे परके वाटू नये. एक फोन दोनऐवजी पाच वर्षे वापरणे हे अहिंसेचे अगदी साधे, रोजचे पालन आहे.

काय ठरले?

दुकानासाठी चोवीस हजारांचा फोन रोखीने आला, सहा वर्षांच्या अद्यतनांच्या हमीचा. नातवाच्या फोनात नवी बॅटरी बसली. त्याला वाईट वाटले नाही असे म्हणता येणार नाही, पण तुलनेचा रकाना त्याच्याच अक्षरात होता आणि त्यातील उत्तरही त्याचेच होते. दुकानाच्या फोनाची सारी जुळवणी अण्णांनी त्याच्याकडे सोपविली. ते काम त्याने नीट केले. प्रथम जुन्या फोनातील सारे नव्यात उतरविले, मग बँकेत नोंदलेले सिम नव्या फोनात घालून यूपीआयची नोंदणी नव्याने केली, जुन्यातून सर्व खात्यांतून बाहेर पडून तो कोरा केला. कपाटातील तीन मृत फोन आणि हा चौथा अधिकृत ई-कचरा संकलनाकडे दिला. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणे अशा कचऱ्याच्या शास्त्रशुद्ध पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकांवर आहे. ज्यांना जुना फोन विकत घ्यायचा असेल, त्यांनी *#०६# दाबून आयएमईआय क्रमांक पाहावा आणि दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’वर तो तपासून घ्यावा. चोरीचा फोन स्वस्त मिळाला तरी तो अदत्तादानच.

उधारीचीही व्यवस्था लागली. रोज रात्री दुकान बंद करताना फोनातील नोंदींची प्रत आपोआप दुसरीकडे साठते आणि दर रविवारी सूनबाई शिल्लक बाकी जाड पुठ्ठ्याच्या वहीत उतरवतात. तीन वर्षांनी खतावणी घरात परत आली.

समंतभद्राचार्यांनी व्रताचे दोन प्रकार सांगितले आहेत. आजन्म पाळायचा तो यम, ठरावीक काळापुरता तो नियम. गृहस्थाला नियम झेपतो. या घराने नियम घेतला, की माणशी एकच फोन, आणि पाच वर्षांच्या आत नवा नाही. सुरक्षेची अद्यतने थांबली किंवा दुरुस्ती अशक्य झाली तरच अपवाद, आणि तोही वहीत कारण लिहून.

भगवान महावीरांच्या निर्वाणाचा लाडू मंदिरात चढवून आल्यावर संध्याकाळी दुकानात वहीपूजन झाले. वीर निर्वाण संवत २५५२ ची नवी वही उघडली. श्रीकार झाला, कुंकवाची बोटे उमटली. दुसऱ्या पानावर नातवाने फोनाच्या खरेदीची नोंद केली, तारीख, बिल क्रमांक, रक्कम. त्याखाली त्याने आपण होऊन आणखी एक ओळ लिहिली, “पुढील विचार : दिवाळी २०३०.”

अण्णा रोज पहाटे कळंबा तलावाच्या बांधावर फिरायला जातात. संस्थानकाळात कोल्हापूर शहराला पाणी देण्यासाठी हा तलाव बांधला गेला. चांगल्या पावसात तो काठोकाठ भरतो आणि जास्तीचे पाणी सांडव्यावरून वाहू लागते. बांधणाऱ्यांनी भिंतीबरोबर सांडव्याची पातळीही ठरवून ठेवली, म्हणून इतक्या पावसाळ्यांत भिंत टिकली. घराच्या गरजांचेही तसेच आहे. पातळी आधी ठरलेली असली, म्हणजे सणाच्या पुरात काय ठेवावे आणि काय जाऊ द्यावे, यावर रात्र-रात्र बैठका बसवाव्या लागत नाहीत.